चुकीला जागा ठेवणारे निर्णय

1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात केनेडींनी क्यूबावर हल्ला केला नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पहिल्या दिवशी त्यांचा कौल जवळजवळ उलट पडला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 16 ऑक्टोबर 1962 रोजी सकाळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या निवासातच गाठले. दोन दिवसांपूर्वी यू-2 टेहळणी विमानाने पश्चिम क्यूबात सान क्रिस्तोबालजवळ टिपलेल्या छायाचित्रांत सोव्हिएत मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे दिसत असल्याचे त्यांनी सांगितले. बाराच्या सुमारास कॅबिनेट रूममध्ये निवडक मंडळी जमली. त्या खोलीत उन्हाळ्यातच गुपचूप ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवलेली होती आणि टेबलाभोवतीच्या बहुतेकांना तिचा पत्ता नव्हता. त्या फितींवर बैठकीच्या शेवटी शेवटी केनेडी बोलताना ऐकू येतात. हल्ला किती व्यापक करायचा, स्वारी करायची का, हे पुढे पाहता येईल, पण ही क्षेपणास्त्रे तर आपण उडवणारच, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे. खोलीतल्या बहुसंख्यांचा कलही तोच होता. त्याच दिवशी निर्णय जाहीर करावा लागला असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, किंवा इतिहास लिहायला फारसे कोणी उरले नसते. सहा दिवसांनी, 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, केनेडींनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केला तो निर्णय नाकेबंदीचा होता. या सहा दिवसांत काय बदलले, हा माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. पुढच्या पानांत वाचकाला घटनांचा क्रम तपशिलाने मिळेल. प्रस्तावनेत मला या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे: वेळ मिळाला, त्यामुळे माहिती गोळा झाली, डोकी थंड झाली आणि शहाणा निर्णय झाला. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि त्यातला खोटा भाग धोक्याचा आहे. सहा दिवसांनंतरही अमेरिकी सरकारची माहिती ढोबळ आणि कळीच्या बाबतीत साफ चुकीची होती. बेटावर फार तर दहाएक हजार सोव्हिएत माणसे असावीत, असा गुप्तचरांचा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात 40 हजारांहून अधिक सोव्हिएत सैनिक तिथे उतरलेले होते. क्षेपणास्त्रांची अण्वस्त्रे बेटावर पोहोचली आहेत की नाही, याची वॉशिंग्टनला खात्री नव्हती. ती पोहोचलेली होती. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यावर वापरण्यासाठीची कमी पल्ल्याची अण्वस्त्रे, म्हणजे लूना रॉकेटे आणि किनारा-संरक्षणाची क्रूझ क्षेपणास्त्रे, आपल्या स्फोटकांसह क्यूबात तयार होती. अमेरिकेने स्वारीसाठी लाखाच्या वर सैन्य जमवायला घेतले होते. ते सैन्य किनाऱ्यावर उतरले असते तर त्याच्यावर काय कोसळले असते, याची कल्पना स्वारीचा आग्रह धरणाऱ्या एकाही सेनापतीला नव्हती. जानेवारी 1992 मध्ये हवाना इथे दोन्हीकडच्या हयात मंडळींची परिषद भरली, तेव्हा जनरल अनातोली ग्रिब्कोव यांच्या तोंडून ही गोष्ट संरक्षणमंत्री राहिलेल्या रॉबर्ट मॅकनामारांनी ऐकली. मधे जवळजवळ तीस वर्षे गेली होती.

अंदाज चुकण्याची ही पहिली वेळही नव्हती. महिनाभर आधी, 19 सप्टेंबरला, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने अधिकृत अहवालात म्हटले होते की सोव्हिएत संघ क्यूबात आक्रमक क्षेपणास्त्रे ठेवील असे संभवत नाही, कारण तसे त्याने पूर्वी कुठे केलेले नाही आणि त्यात त्याचे हित नाही. अहवाल लिहिणारे लोक अडाणी नव्हते, आळशीही नव्हते. समोरचा आपल्यासारखाच हिशेब करतो, एवढे एकच गृहीतक त्यांनी तपासले नाही. सी.आय.ए.चे प्रमुख जॉन मॅकोन यांना एकट्याला तो निष्कर्ष पटला नव्हता, आणि तेच बरोबर ठरले. पण प्रत्येक खेपेला शंका घेणारा एकटा माणूस बरोबर ठरेल अशी व्यवस्था कोणत्याही सरकारला बांधता येत नाही.

मग त्या सहा दिवसांनी काय साधले? ज्ञान वाढले नाही. आपल्याला नेमके काय ठाऊक नाही, याची जाणीव वाढली. हवाई हल्ला एका झटक्यात काम संपवील, हा पहिल्या दिवसाचा समज होता. 21 ऑक्टोबरला हवाई दलाचे जनरल वॉल्टर स्वीनी यांनी स्वतःच केनेडींना सांगितले की सगळे काही मनासारखे घडले तरी ठाऊक असलेली सगळी क्षेपणास्त्रे नष्ट होतीलच असे नाही. नव्वद टक्के होतील. उरलेल्या दहा टक्क्यांचे काय, आणि ठाऊकच नसलेल्यांचे काय? परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी, आणि पुढे राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी, छोट्या देशावर अचानक हल्ला चढवणे म्हणजे आपणच पर्ल हार्बर करणे होय, हा नैतिक मुद्दा लावून धरला. मॉस्कोत राजदूत राहिलेले लेवेलिन थॉम्प्सन सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखत होते. कोंडलेल्या माणसाला बाहेर पडायला दार ठेवा, असे ते सुरुवातीपासून सांगत राहिले. या सगळ्यांतून नाकेबंदी पुढे आली. तिने क्षेपणास्त्रे हटणार नव्हती, हे तिच्या पुरस्कर्त्यांनाही कळत होते. तिचा गुण दुसराच होता: आपले अंदाज चुकीचे निघाले तरी ती मागे घेता येत होती, सैल करता येत होती, आवळताही येत होती. हवाई हल्ला चुकीच्या माहितीवर केला असता, तर ती चूक कळेपर्यंत दुरुस्तीला काही उरले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे: अण्वस्त्रांच्या छायेतला चांगला निर्णय अचूक माहितीवर उभा असतोच असे नाही, कारण तशी माहिती त्या वेळी कोणाकडेच नसते. माहिती खोटी निघाल्यावरही ज्यातून परतता येते, तो निर्णय चांगला.

नाकेबंदीच्या पहिल्या तीन दिवसांकडे या दृष्टीने पाहावे. ती 24 ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता अमलात आली. 25 तारखेला ‘बुखारेस्ट’ हे सोव्हिएत तेलवाहू जहाज रेषेवर आले, तेव्हा ते अडवा असा आग्रह काहींनी धरला. केनेडींनी ते जाऊ दिले, कारण तेलवाहू जहाजात क्षेपणास्त्रे असण्याचा संभव नव्हता आणि क्रुश्चेव्हना विचाराला आणखी काही तास द्यायचे होते. प्रत्यक्ष चढून तपासणी झालेले पहिले जहाज 26 तारखेचे ‘मारुक्ला’, सोव्हिएत भाड्यावर चाललेले, पण लेबनॉनच्या निशाणाचे. निवड जाणूनबुजून केलेली होती: बंदी पाळली जाते हे दिसावे, पण सोव्हिएत निशाणाला हात लागू नये. 24 तारखेला दोन्ही देशांची जहाजे समुद्रात एकमेकांसमोर उभी ठाकली आणि अखेरच्या क्षणी सोव्हिएत जहाजे वळली, हे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले आहे, पण ते खरे नाही. क्षेपणास्त्रे वाहणारी जहाजे आदल्याच दिवशी मॉस्कोच्या हुकमाने वळवली गेली होती आणि रेषेपासून शेकडो मैल दूर होती. म्हणजे त्या दिवशी दोन्ही राजधान्या एकच गोष्ट करत होत्या, फक्त त्यांना एकमेकांचे ते दिसत नव्हते.

इथे सरकार म्हणजे काय, हा प्रश्न येतो. वर्तमानपत्री भाषेत ‘वॉशिंग्टनने ठरवले’, ‘मॉस्कोने इशारा दिला’ असे आपण सहज लिहितो, जणू प्रत्येक सरकारला एक डोके आणि दोन हात असतात. ग्रॅहॅम अ‍ॅलिसन यांनी 1971 मध्ये ‘एसेन्स ऑफ डिसिजन’ या ग्रंथात याच पेचप्रसंगाच्या आधारे दाखवले की सरकारचा निर्णय तीन वेगळ्या भिंगांतून पाहावा लागतो. पहिल्यात सरकार हा हिताहित तोलणारा एक कर्ता. दुसऱ्यात ते ठरलेल्या पद्धतींनी चालणाऱ्या खात्यांचा समूह. आणि तिसऱ्यात वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांची ओढाताण. पन्नास वर्षांत या मांडणीवर पुष्कळ टीका झाली आणि त्यातली काही रास्त आहे. केनेडींच्या फिती उघड झाल्यावर राष्ट्राध्यक्षाची पकड अ‍ॅलिसन समजत होते त्याहून घट्ट दिसते. पण दुसरे भिंग मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण सर्वांत भीतिदायक गोष्टी त्यातूनच दिसतात. 24 तारखेला अमेरिकेचे बॉम्बर दल युद्धाच्या खालोखालच्या सज्जतेवर गेले, तेव्हा त्याचे प्रमुख जनरल थॉमस पॉवर यांनी हुकूम सांकेतिक लिपीत न देता उघड भाषेत प्रक्षेपित केला, म्हणजे सोव्हिएतांनाही ऐकू जावा असा. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. 25 तारखेच्या रात्री मिनेसोटातल्या डुलूथ इथे पहारेकऱ्याने लष्करी तळाच्या कुंपणावर चढणाऱ्या आकृतीवर गोळी झाडली आणि घातपाताचा इशारा दिला. तो इशारा शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या व्होक फील्ड तळावर पोहोचेपर्यंत चुकीच्या जोडणीमुळे ‘उड्डाण करा’ अशा घंटेत बदलला, आणि अण्वस्त्रे लावलेली लढाऊ विमाने धावपट्टीकडे निघाली. ती थांबवली गेली. कुंपणावर चढत होते ते अस्वल होते.

मॉस्कोतली प्रक्रिया याहून कच्ची होती, हे सांगितलेच पाहिजे. क्षेपणास्त्रे क्यूबात पाठवण्याचा निर्णय मे 1962 मध्ये पक्षाच्या अध्यक्षमंडळाने एकमताने घेतला. त्याआधी मंडळातले अनास्तास मिकोयान यांनी शंका घेतल्या होत्या, पण क्रुश्चेव्हनी ठरवलेल्या गोष्टीला शेवटी विरोध उरला नाही. तुर्कस्तानात अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे सोव्हिएत सीमेवर रोखलेली होती. अमेरिकेने आदल्या वर्षी पिग्ज उपसागरातून क्यूबावर स्वारी घडवून आणली होती. दीर्घ पल्ल्याच्या अस्त्रांत सोव्हिएत संघ फार मागे होता. या तिन्ही दुखण्यांवर एकच औषध, असा तो हिशेब होता. त्या हिशेबात एक कोष्टक रिकामे होते: अमेरिकेला गुपित वेळेआधी कळले तर काय करायचे? तशी योजनाच नव्हती. 22 ऑक्टोबरच्या रात्री केनेडींचे भाषण होण्याआधी अध्यक्षमंडळ बसले, तेव्हा क्यूबातल्या सेनापतीला कमी पल्ल्याची अण्वस्त्रे वापरण्याची मुभा द्यायची की नाही यावर चर्चा झाली, आणि शेवटी मुभा न देण्याचे ठरले. हा निर्णय मी केनेडींच्या नाकेबंदीइतकाच मोलाचा मानतो. 25 तारखेपर्यंत क्रुश्चेव्ह क्षेपणास्त्रे मागे घेण्याच्या मनःस्थितीत आलेले होते. अमेरिका क्यूबावर स्वारी करणार नाही असे वचन द्या, आम्ही निघतो, हा त्यांच्या 26 तारखेच्या लांबलचक, भावनेने भरलेल्या पत्राचा आशय होता. ते पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून भाषांतर होऊन वॉशिंग्टनला पोहोचायला बारा तासांच्या आसपास लागले. दुसऱ्या दिवशी रेडिओ मॉस्कोवरून दुसरे पत्र आले, अधिक कोरडे, आणि त्यात तुर्कस्तानातल्या क्षेपणास्त्रांची मागणी वाढवलेली. वॉशिंग्टनमध्ये तर्क सुरू झाले: क्रुश्चेव्ह अजून सत्तेवर आहेत ना? दुसरे पत्र कोणी लिहिले? प्रत्यक्षात दोन्ही पत्रे त्यांचीच होती. मधल्या काळात अमेरिकी स्वारीची भीती त्यांच्या मनात कमी झाली होती आणि थोडे अधिक मागून पाहावे असे त्यांना वाटले, एवढेच.

आता 27 ऑक्टोबर, तो शनिवार. त्या एका दिवशी तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही कोणत्याही राजधानीने ठरवलेल्या नव्हत्या. पूर्व क्यूबावर मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-2 विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि ते ठार झाले. हुकूम मॉस्कोचा नव्हता, बेटावरच्या अधिकाऱ्यांनी वरिष्ठ सापडत नाहीत म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर दिला होता. त्याच दिवशी कॅप्टन चार्ल्स मॉल्ट्सबी यांचे दुसरे यू-2 उत्तर ध्रुवाकडच्या नेहमीच्या फेरीत ध्रुवीय प्रकाशामुळे ताऱ्यांवरून दिशा न लागून सोव्हिएत हद्दीत शिरले. त्याच्यामागे सोव्हिएत मिग झेपावली, त्याला वाचवायला निघालेल्या अमेरिकी विमानांवर अण्वस्त्रे होती. आणि सार्गासो समुद्रात अमेरिकी विनाशिकांनी बी-59 या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्याची खूण म्हणून सरावाचे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. पाणबुडीत एक अणुटॉर्पेडो आहे हे विनाशिकांना माहीत नव्हते. आत तापमान चाळिशीच्या पुढे गेलेले, बॅटऱ्या संपत आलेल्या, हवेत कार्बन डायऑक्साइड दाटलेला, माणसे चक्कर येऊन पडत होती, आणि कित्येक तास मॉस्कोशी संपर्क नव्हता. पाणबुडीवर असलेले वादिम ओर्लोव यांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार कप्तान साविट्स्की यांना वाटले की वर युद्ध सुरू झाले आहे, आणि त्यांनी अणुटॉर्पेडो सज्ज करण्याचा हुकूम दिला; त्याच पाणबुडीतून प्रवास करत असलेले तुकडीचे चीफ ऑफ स्टाफ वासिली अर्खिपोव यांनी त्यांना शांत केले आणि पाणबुडी पृष्ठभागावर आली.

या शनिवारच्या संध्याकाळी केनेडींपुढे जो प्रश्न होता, तो पेचप्रसंगातला सर्वांत अवघड प्रश्न होता असे मी मानतो. यू-2 पाडले गेले तर पाडणारा क्षेपणास्त्र तळ हवाई हल्ल्याने नष्ट करायचा, असे सल्लागारांच्या गटाने चार दिवस आधीच ठरवून ठेवले होते. आता ते घडले होते आणि माणूस मेला होता. खोलीत सगळे धरून चालले होते की हुकूम मॉस्कोचाच. दोन दिवसांत मॉस्कोचा पवित्रा कडक झाला, त्याचाच हा भाग. केनेडींकडे उलट पुरावा नव्हता. तरीही त्यांनी ठरलेली प्रतिक्रिया थोपवली. पलीकडे क्रुश्चेव्हनीही तेच केले. मॉल्ट्सबींच्या विमानाबद्दल त्यांनी 28 तारखेच्या पत्रात केनेडींना लिहिले, की अशा वेळी हद्दीत शिरणारे विमान सहज अण्वस्त्रवाहू बॉम्बर समजले जाऊ शकते. तक्रार केली, प्रत्युत्तर दिले नाही. समोरच्या सरकारच्या यंत्रणेतून निसटलेली प्रत्येक गोष्ट त्या सरकारचा हेतू समजायची नाही, हा विवेक त्या दोघांनी एकाच दिवशी, एकमेकांशी बोलणे न होता, दाखवला.

यावर पहिला आक्षेप असा की हा विवेक वगैरे काही नाही, निव्वळ नशीब होते. माजी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांनी 1969 मध्ये जवळजवळ असेच लिहिले. ते पहिल्यापासून हवाई हल्ल्याच्या बाजूचे होते, तरी त्यांचा आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही. बी-59 वर अर्खिपोव नसते तर? अस्वलाऐवजी खरा घातपाती असता तर? नशिबाचा वाटा मी नाकारत नाही, उलट तो मोठा होता असेच म्हणतो. पण नशिबाला संधी कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. 17 ऑक्टोबरला हल्ला झाला असता तर अर्खिपोवसारख्या माणसाला शांतपणे बोलायला वेळ मिळाला नसता. परतता येईल असा निर्णय घेतल्यामुळेच नशिबाला काम करायला अवधी उरला.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे, आणि तो त्या काळापासून आजवर अनेक सेनापतींनी मांडला आहे: अमेरिका अण्वस्त्रांच्या बाबतीत अनेक पटींनी वरचढ होती, अभ्यासक साधारण 17 पट असे प्रमाण धरतात, म्हणून क्रुश्चेव्ह झुकले, संयमाचे श्रेय उगाच देऊ नका, बळाचे द्या. हवाई दलप्रमुख कर्टिस लेमे यांनी तर 19 ऑक्टोबरला केनेडींना तोंडावर सांगितले की नाकेबंदी म्हणजे दुसरे म्युनिक, हिटलरपुढे घेतलेल्या माघारीसारखी माघार. बळाचा प्रभाव होता, यात शंका नाही. क्रुश्चेव्हनाही तो ठाऊक होता. पण बळच निर्णायक असते तर बलवानाने काही देण्याची गरज पडली नसती. प्रत्यक्षात 27 तारखेच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना आपल्या कार्यालयात बोलावून सांगितले की तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत काढली जातील, फक्त ही गोष्ट जाहीर होता कामा नये. ती एप्रिल 1963 मध्ये निघाली. हे वचन देण्याचे ठरवले तेव्हा ते अमेरिकी सरकारातल्या मोजक्या माणसांनाच ठाऊक होते, आणि सहभागी मंडळींनी त्याची जाहीर कबुली 1982 साली दिली, तीही ‘टाइम’ साप्ताहिकातल्या निवेदनात. याशिवाय गरज पडली तर हीच अदलाबदल संयुक्त राष्ट्रांचे महासचिव ऊ थांट यांच्या तोंडून सुचवून घ्यायची, अशीही व्यवस्था केनेडींनी करून ठेवल्याचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी 1987 मध्ये उघड केले. 17 पट बळ असलेला माणूस इतक्या आडवाटा शोधत होता, कारण दहा शहरे गमावून मिळवलेला विजय त्याला विजय वाटत नव्हता.

हे वचन गुप्त ठेवल्याची किंमतही पुढे मोजावी लागली. रॉबर्ट केनेडींचे ‘थर्टीन डेज’ त्यांच्या मृत्यूनंतर 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन करणारे थिओडोर सोरेन्सन यांनी 1989 मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत सांगितले की रॉबर्ट केनेडींच्या नोंदवहीतला सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला होता. त्यामुळे एका पिढीने या पेचप्रसंगातून जो धडा घेतला तो असा: ठाम राहा, दबाव पायरीपायरीने वाढवा, समोरचा मोडतो. व्हिएतनामवर टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले बॉम्बहल्ले आखणाऱ्यांत याच कॅबिनेट रूममध्ये बसलेली माणसे होती. सरकारे आपल्या निर्णयांची जी कथा सांगतात, तीच पुढच्या निर्णयांची शिदोरी बनते. कथा खोटी असली की पुढचा निर्णय नासतो. म्हणूनच फिती, अध्यक्षमंडळाच्या बैठकांची टिपणे आणि दोब्रिनिन यांच्या तारा उघड झाल्यावर हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचणे गरजेचे झाले आहे.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. केनेडींना सहा दिवस गुपित राखता आले. आज खासगी उपग्रहांची छायाचित्रे तासाभरात पडद्यावर येतात आणि रात्रीच्या वाहिन्यांवर सुडाची मागणी सुरू होते. मग हा धडा कालबाह्य नाही का? सहा दिवसांची गुप्तता आता मिळणार नाही, हे मान्य. पण नाकेबंदी जाहीर झाली ती उघडपणे, आणि जाहीर झाल्यावरही तिने आणखी सहा दिवस मिळवून दिले. जनतेसमोर काहीतरी केल्याचे दिसते आणि तरीही परतीचा रस्ता उघडा राहतो, असे पाऊल शोधणे हे गुप्ततेइतकेच जुने आणि गुप्ततेहून अधिक टिकाऊ कौशल्य आहे. वेळ मिळत नसेल तर तो निर्णयाच्या रचनेतून निर्माण करावा लागतो.

भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे एक ऐतिहासिक कारण आहे. त्याच सुमारास, 20 ऑक्टोबर 1962 ला, चीनने नामका चू आणि लडाखमध्ये हल्ला केला. आपली वर्तमानपत्रे आणि आपली मने नेफाकडे लागलेली होती. क्यूबाभोवतीची नाकेबंदी 20 नोव्हेंबरला उठली; दुसऱ्या दिवशी चीनचा एकतर्फी युद्धविराम अमलात येत असताना यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. महाराष्ट्राच्या आठवणीत तो महिना हिमालयाचा आहे, कॅरिबियनचा नाही, आणि ते साहजिकच आहे. पण 1998 च्या अणुचाचण्यांनंतर हे अंतर उरलेले नाही. क्यूबातून वॉशिंग्टन जितके दूर होते त्याहून पुष्कळच जवळ आपली आणि पाकिस्तानची शहरे आहेत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये दोन्ही सैन्ये दहा महिने समोरासमोर उभी होती. आणि 9 मार्च 2022 रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र, स्फोटक नसलेले, देखभालीच्या वेळी चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. भारताचा जाहीर खुलासा 11 तारखेला आला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. पाकिस्तानने प्रत्युत्तर दिले नाही. पाकिस्तानच्या शासनव्यवस्थेबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्या दिवशी त्या देशाने केलेली गोष्ट 1962 च्या शनिवारी केनेडी आणि क्रुश्चेव्ह यांनी केली तीच होती. आपल्या दोन देशांत 2005 सालचा करार आहे, पण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचा आहे. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. क्यूबानंतर आठ महिन्यांत वॉशिंग्टन आणि मॉस्को यांनी थेट संपर्काच्या तारेचा करार केला, कारण बारा तास लागलेले पत्र ते विसरले नव्हते. मियां चन्नूनंतर आपण त्या तोडीचे काय केले, हे प्रत्येक नागरिकाने आपल्या प्रतिनिधीला विचारायला हवे असे मला तीव्रतेने वाटते.

वाचकाला एक विनंती. बहुतेक पुस्तके 28 ऑक्टोबरच्या रविवारी थांबतात, कारण त्या दिवशी रेडिओ मॉस्कोवरून क्रुश्चेव्ह यांचे उत्तर आले. इथे नोव्हेंबरची प्रकरणेही मुद्दाम घेतली आहेत, ती वगळू नयेत. 28 तारखेच्या सौद्यात कमी पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा उल्लेखच नव्हता, कारण अमेरिकेला ती तिथे आहेत हेच माहीत नव्हते. क्रुश्चेव्हनी आपल्याला न विचारता माघार घेतली म्हणून क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो संतापलेले होते. 26-27 च्या रात्री त्यांनी क्रुश्चेव्हना पत्र लिहून, स्वारी झाली तर पहिला अणुहल्ला तुम्ही करा असे सुचवलेले होते. आणि आता ही उरलेली अस्त्रे क्यूबाच्या सैन्याला मिळतील अशी त्यांची समजूत होती. त्यांना समजावायला पाठवलेले मिकोयान तीन आठवडे हवानात होते. त्याच काळात मॉस्कोत त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि ते अंत्यविधीलाही परतले नाहीत. कॅस्ट्रोंशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले की ही अस्त्रे इथे ठेवणे म्हणजे दुसरा पेचप्रसंग पेरणे आहे. 22 नोव्हेंबरला त्यांनी कॅस्ट्रोंना सांगितले की अण्वस्त्रे दुसऱ्या देशाच्या हवाली करायला मनाई करणारा सोव्हिएत कायदा आहे. असा कायदा नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला ती अस्त्रे जहाजावर चढली आणि परत गेली. त्यांच्या असण्याची, जाण्याची आणि त्यांच्यावरून झालेल्या त्या संवादाची कसलीही खबर तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कोणालाच नव्हती.